कपभर चालणारी गाडी

घड्याळजींचा दिवस घड्याळांना चावी देण्यापासून सुरू व्हायचा. दुकान बंद करून ते निवृत्त झाले, तेव्हा गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेली सगळी घड्याळं त्यांच्या मागोमाग घरी आली आणि भिंतीभिंतीवर लटकली. त्यांचं एकमेकांशी पटत नसे. एकाचे नऊ वाजले की दुसरं त्याला आठापासून समजावायला सुरुवात करी. घरात पाहुणा आला की किती वाजले असं कधी विचारत नसे. तो आपल्या सोयीचं घड्याळ बघून उठे.

या सगळ्यांना चावी देऊन झाली, की घड्याळजी हातात चहाचा कप घेऊन मागच्या शेडमध्ये जायचे आणि तिथली गाडी चालू करायचे.

गाडी लेकीची होती. लेकीने पहिल्या नोकरीत हौसेने घेतली, दोन वर्षं मिरवली आणि मग ती दूर परदेशी नोकरीला निघून गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, गाडीकडे बघा हं." घड्याळजी सांगितल्या कामाचा माणूस. तेव्हापासून ते रोज सकाळी गाडीकडे बघत.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. जन्मभर त्यांनी इतकी बारीक चाकं फिरवली, की मोठ्या चाकामागे बसायची वेळ आली नाही. लेक चालवायची तेव्हा ते शेजारच्या सीटवर बसत आणि समोर कोणी नसलं तरी "सावकाश" म्हणत. अजूनही ते त्याच सीटवर बसायचे. चालकाची सीट मोकळी ठेवायचे, तिच्यावरून हात लांब करून किल्ली फिरवायचे. इंजिन गुरगुरलं की चहाचा पहिला घोट. कप संपला की किल्ली उलटी. घड्याळ नुसतं पडून राहिलं की त्यातलं तेल चिकट होतं आणि चाकं एकमेकांना ओळखेनाशी होतात. रोज थोडं चालवलं की ते माणसापेक्षा जास्त जगतं. सगळ्या आयुष्याच्या धंद्यातून त्यांना कळलेलं हे एवढंच ज्ञान होतं, आणि ते त्यांनी गाडीवर ओवाळून टाकलं होतं.

ते परत आले की बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारी, "आलात का फिरून? आज कुठवर गेला होतात?"

"बरंच लांब."

"मग येताना भाजी का नाही आणलीत?"

बायकोचं म्हणणं, ही सगळी दुधाची तहान ताकावर. घड्याळजींचं म्हणणं, ताक असतं तर घोट तरी घेता आला असता.

लेकीचा फोन दर रविवारी यायचा. आईशी ती तास तास बोले. तिकडच्या घरमालकिणीची खोड, गळणारा नळ, हाताखालच्या माणसाचा आळस, आईची कंबर, शेजारणीची सून, असं सगळं जग पालथं घालून झालं की ती म्हणायची, "बाबांना दे." घड्याळजी तोवर शेजारी उभे असत, पण पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा चेहरा करून फोन घेत.

"बाबा, गाडी कशी आहे?"

"उत्तम."

"रोज चालू करता ना?"

"रोज."

"बरं. काळजी घ्या हं."

गाडीची की स्वतःची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तू कशी आहेस, जेवतेस का वेळेवर, एकटं वाटतं का, असे पुष्कळ प्रश्न त्यांच्याकडे साठलेले होते. पण ते तोंडापर्यंत येईतो फोन बंद झालेला असायचा. इतर बापलेकींकडे बोलायला विषय असतात. यांच्याकडे एकच होता आणि तो शेडमध्ये चार चाकांवर उभा होता. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवणारी. उद्या गाडीच उरली नाही, तर लेक फोनवर विचारणार काय आणि आपण सांगणार काय, हा विचार घड्याळजींच्या मनात अधूनमधून डोकावून जायचा.

आणि एका रविवारी लेक म्हणाली, "मी येतेय. पुढच्या महिन्यात. सुट्टी मिळालीय." मग जरा थांबून म्हणाली, "आल्यावर गाडी काढू या बाबा. तुम्ही आणि मी. पहिल्यासारखं."

घड्याळजी म्हणाले, "उत्तम." त्या दिवशी त्यांनी एका घड्याळाला दोनदा चावी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली फिरवली तर इंजिनातून, डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला, आणि समोरच्या पट्टीवर तेलाचा लाल दिवा लागला. लागला तो लागलाच. घड्याळजींनी त्याच्यावर बोट आपटून बघितलं. घड्याळाच्या बाबतीत हा उपाय चालतो. दिवा बधला नाही. त्यांनी गाडी बंद केली आणि अर्धा चहा तसाच टाकून ते गल्लीच्या टोकाच्या गॅरेजकडे निघाले.

गॅरेजवाल्या मेकॅनिकला सगळे 'उघडूनबघा' म्हणत. कसलाही प्रश्न विचारा, हा म्हणे, "उघडून बघावं लागेल." त्याच्या स्वतःच्या लग्नात, मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरही त्याने हेच सांगितलं आणि ते लग्न थोडक्यात वाचलं, अशी वदंता होती.

उघडूनबघा शेडमध्ये आला. बॉनेट उघडून त्याने इंजिनाच्या डोक्यावरचं तेल ओतायचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं आणि घड्याळजींच्या नाकासमोर धरलं. झाकणाच्या आत पिवळट, दाट, फेसाळ असं काहीतरी थापलेलं होतं.

"हे काय?" घड्याळजी म्हणाले.

"लोणी."

"इंजिनात?"

"दिसायला लोणी. खायला सांगत नाही. तेलात पाणी मिसळलं की असं होतं. आणि हे वरचं. खाली याच्याहून वाईट, काळा गाळ असणार. घड्याळजी, गाडी चालवता का?"

"रोज चालू करतो."

"चालवता का, विचारलं."

"सांगितलं ना, रोज चालू करतो. न चुकता. आजारी असलो तरी."

"किती वेळ?"

घड्याळजींनी सकाळी सीटवरच राहिलेला कप उचलून पुढे केला. उघडूनबघाने कपात डोकावून पाहिलं. मग तो शेडच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

"अहो, इंजिन काय घड्याळ आहे का? गार इंजिन चालू झालं की त्याच्या पोटात दमट हवेचं पाणी सुटतं. पुढे ते चांगलं तापलं की वाफ होऊन निघून जातं. तुम्ही ते तापायच्या आतच बंद करता. रोज. म्हणजे रोज चमचाभर पाणी आत ठेवून आलात. नुसती उभी ठेवली असतीत तर बॅटरी मेली असती, टायर बसले असते, पण इंजिनाला इतकं झालं नसतं."

खिडकीत बायको उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, आणि एरवी अशी संधी ती सोडती ना; पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने खिडकीतून फक्त विचारलं, "भाऊजी, चहा टाकू का?"

"टाका वहिनी. पण यांना देऊ नका. यांच्या चहानेच हे झालंय."

"लेक येतेय," घड्याळजी म्हणाले. "नीट होईल का ते सांगा."

"उघडून—"

"बघा. बघा ना. उघडा."

उघडूनबघाने दोन मार्ग सांगितले. एक सोपा. बाजारात मिळणारं गाळ विरघळवायचं औषध जुन्या तेलात ओतायचं, इंजिन थोडा वेळ जागच्या जागी चालू ठेवायचं, मग सगळं गरम गरम खाली काढायचं आणि नवं तेल भरायचं. पण गाळ इतका असला की तो विरघळण्याआधी ढेकळांनी सुटतो. इंजिनाच्या तळाशी तेलाची कढई असते, तिला चेंबर म्हणतात. त्यात तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ढेकूळ त्या जाळीवर बसलं की तेल वर जात नाही. "मग इंजिन जाम. मग तुमची लेक गाडीत बसेल, पण गाडी तिथेच राहील. म्हणजे तुमच्यासारखंच."

"आणि दुसरा मार्ग?"

"आधी चेंबर उतरवायचं, जाळी काढायची, वरचं कव्हर काढायचं, हाताने जेवढं निघेल तेवढं काढायचं. औषध शेवटी. वेळखाऊ काम. माझ्या गॅरेजात चार गाड्या रांगेत आहेत, मी एकटा किती पुरणार?"

"हाताने मी काढतो," घड्याळजी म्हणाले.

घड्याळजींचा हत्यारांचा जुना पेटारा त्या दिवशी माळ्यावरून खाली आला. शेडमध्ये चादर अंथरून ते बसले. डोळ्याला भिंग, हातात उंटाच्या केसांचा ब्रश, पुढे थाळीत रॉकेल, आणि थाळीत ती जाळी. उघडूनबघाने चेंबर खाली घेतलं तेव्हा त्यातून तेल ओघळलं नाही. डांबरासारखा एक थर हलला आणि पुन्हा बसला. जाळीची निम्मी भोकं बुजली होती. घड्याळजी एकेक भोक मोकळं करत होते.

संध्याकाळी उघडूनबघा परत आला. "झालं?"

"ही ओळ झाली."

"घड्याळजी, रॉकेलात बुडवा, हवा मारा, संपलं! भोकं मोजून लेकीला हुंडा द्यायचाय का?"

"एक जरी राहिलं तरी?"

"एक राहिलं तरी गाडी चालेल."

"मग ते एक तुमच्या गाडीत ठेवा," घड्याळजी म्हणाले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

कव्हर, चेंबर, वरच्या झडपांच्या कडेचे कोपरे, सगळं त्यांनी असंच पुसलं. उघडूनबघा आधी हसला, मग चिडला, आणि शेवटी तोही खाली बसून पुसायला लागला. कारण एक माणूस इतकं स्वच्छ पुसत असताना शेजारी नुसतं उभं राहणं कठीण असतं. मग सगळं बसवून धुण्यापुरतं साधं तेल भरलं, त्यात औषध ओतलं, इंजिन चालवलं. उघडूनबघा सारखा बजावत होता, "ॲक्सिलरेटरला हात लावू नका." आणि घड्याळजींना ॲक्सिलरेटर कुठे असतो हेच माहीत नसल्यामुळे ते दोन्ही हात खिशात घालून उभे होते. लाल दिवा लुकलुकला. लुकलुकला आणि विझला.

खालचा नट काढल्यावर बादलीत काळी, वाफाळती धार पडली. धार संपल्यावरही घड्याळजी बादलीजवळून हलले नाहीत. लेक गेल्यापासूनच्या सगळ्या सकाळी त्या बादलीत होत्या.

"फेकायचं ना ते?" बायकोने विचारलं.

"फेकायचं नसतं. ते गॅरेजात देतात. ते घेऊन जातात."

"मग देऊन टाका."

"देतो," म्हणून ते आणखी थोडा वेळ बसले. बायकोही मग दाराच्या उंबऱ्यावर टेकली. "मलाही येते हो तिची आठवण," ती म्हणाली. "फक्त मी फोनवर बोलून मोकळी होते. तुम्ही आपले साठवता."

नवं तेल भरून उघडूनबघाने दोघांना गाडीत बसवलं आणि गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागला. बायको मागे बसली, दोन्ही काचा उघड्या टाकून. परत आल्यावर त्याने गाडी शेडमध्ये लावली आणि किल्ली घड्याळजींच्या हातावर ठेवली. "गाडी बरी झाली. पण आता पथ्य. आठवड्यातून एकदा रस्त्यावर, चांगली तापेपर्यंत. कोणीतरी चालवायला पाहिजे. मला जमणार नाही, सांगून ठेवतो. आणि पुन्हा कपभर चालवलीत तर पुढच्या खेपेला मी येणार नाही. भंगारवाला येईल."

लेक आली. जरा बारीक झाली होती, केस आखूड केले होते, आणि घरातल्या घड्याळांचा गलका ऐकून दारातच खळखळून हसली. घड्याळजींनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "प्रवास कसा झाला?" ती म्हणाली, "उत्तम." यापुढचा विषय दोघांकडे एकच होता, तेव्हा ती म्हणाली, "चला, गाडी बघू."

हा क्षण घड्याळजींनी रोज सकाळी कपभर पाहिलेला होता. ती चालकाच्या सीटवर बसणार. ते शेजारी. ती किल्ली फिरवणार. ते म्हणणार, सावकाश.

लेक शेडमध्ये गेली, गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, दार उघडलं आणि बसली. बसली ती शेजारच्या सीटवर. घड्याळजींच्या सीटवर. पट्टा ओढून लावला, हात पुढे केले आणि मग तिच्या लक्षात आलं की हातांपुढे स्टिअरिंग नाही.

"अय्या!" ती म्हणाली. "तिकडे या बाजूला असतं बाबा. हात आपोआप इकडेच आला."

ती हसत होती. घड्याळजीही हसले. पण हसता हसता त्यांना आत कुठेतरी लागलं. लेक किती लांब गेली आहे हे नकाशात बघून त्यांना कधी समजलं नव्हतं. ते आत्ता समजलं. तिचा हातसुद्धा आता तिकडेच राहत होता.

ते दाराशी उभे राहिले. पुढे रिकामी अशी एकच सीट होती.

"उतरते थांबा," लेक म्हणाली; मग उतरली नाही. "नाहीतर असं करा ना, तुम्हीच बसा तिकडे."

"मी? वेडी का तू!"

"आई सांगत होती, आठवड्यातून एकदा रस्त्यावर नेली पाहिजे म्हणून. मी गेल्यावर कोण नेणार? बसा. मी शिकवते."

खिडकीतून बायको ओरडली, "बसा हो! इतकी वर्षं शेडमध्येच फिरलात, आता जरा बाहेर पडा!"

बंद पडलेल्या कारखान्यामागे मोठं मोकळं मैदान होतं. तिथे शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी. पहिल्या दिवशी गाडी ससा झाली, दुसऱ्या दिवशी बेडूक.

"क्लच, क्लच! बाबा, क्लच!"

"दाबलाय की!"

"तो ब्रेक आहे!"

"मग क्लच कुठाय?"

"जिथे काल होता तिथेच! आणि माझ्याकडे नका बघू, समोर बघा!"

"समोर कोणी नाहीये."

"म्हणून तर सांगतेय, भिंत तेवढी आहे!"

दम खायला ते गाडी थांबवायचे, इंजिन गरम ठेवून. मग बोलणं सुरू व्हायचं. समोर बघत बोलायचं असल्यामुळे सोपं जात होतं. लेकीने सांगितलं की तिकडे कामापुरती ती ऑफिसची गाडी चालवते, पण स्वतःची अजून घेतली नाही, एरवी बसने जाते. का ते घड्याळजींनी विचारलं. ती म्हणाली, घेतली तर तिथली झाल्यासारखं वाटेल. घड्याळजींनी सांगितलं की तिच्या गाडीचं वाटोळं त्यांनीच केलं होतं, कपाकपाने. ती इतकी हसली की तिला पट्टा सोडावा लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, मला गाडीचं काय पडलं होतं? मी आपली विचारायची म्हणून विचारायची. दुसरं काही विचारलं असतं तर रडू आलं असतं."

"कोणाला?"

"ते बघावं लागलं असतं."

जाण्याचा दिवस जवळ यायला लागला, आणि घड्याळजींच्या शिकण्याला उतरती कळा लागली. सुरुवातीला पुढे गेलेला माणूस पुन्हा मागे आला. गाडी चौकात बंद पडे, वळणावर बंद पडे, मोकळ्या मैदानात, कारण नसताना, बंद पडे.

"केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस तुम्ही," बायको रात्रीची भांडी आवरता आवरता म्हणाली, "आणि क्लच कळत नाही?"

"ते हाताचं काम होतं. हे पायाचं."

बायकोने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमचा पाय फार हुशार झालाय हल्ली," एवढंच म्हणून ती आत गेली.

खरं तर घड्याळजींना क्लच केव्हाच कळला होता. चाक चाकाला कुठे भेटतं हे त्यांना सगळ्या जगापेक्षा आधी कळायचं. पायाखाली तो बारीकसा कंप आला की बोटांनी धरल्यासारखा त्यांना सापडायचा. आलं असं एकदा कबूल केलं, की शिकवणी संपणार. म्हणून ते तो कंप येऊ देत आणि मग, जिवावर येऊन, पाय चुकवत.

लेक जायच्या आदल्या दिवशी सकाळी गॅसच्या सिलिंडरची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागली. लेकीची गाडी वाटेत उभी होती. गॅसवाला ओरडत होता. बायको न्हाणीघरात, लेक झोपलेली. घड्याळजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गाडीत बसले, चालू केली, आरशात बघून एका दमात मागे घेतली, भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वळवली आणि घड्याळाच्या डबीत यंत्र बसवावं तशी बसवली. ओरखडा नाही, धक्का नाही. ते स्वतःवर खूश होऊन उतरले आणि त्यांनी वर पाहिलं.

वरच्या खिडकीत लेक उभी होती. तोंडात दात घासायचा ब्रश. ब्रश हलत नव्हता.

घड्याळजींनी मान खाली घातली आणि सिलिंडर आत घ्यायला गेले. दिवसभर लेकीने विषय काढला नाही. जेवताना नाही, बॅग भरताना नाही. आईशी मात्र अखंड गप्पा. घड्याळजी भिंतीवरचं एकेक घड्याळ उगीच पुसत बसले. आता ती म्हणेल, बाबा, तुम्हाला येतं की. आणि संध्याकाळी मैदानावर जायचं काही कारण उरणार नाही.

ऊन उतरलं तसा जिन्यावर पायांचा आवाज आला. लेक खाली आली, किल्ली त्यांच्यापुढे धरली आणि शेडकडे चालू लागली. शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला. ते मैदानावर आले. तिने गाडी बंद करायला लावली.

"हं," ती म्हणाली. "आज पहिल्यापासून. डावा पाय. डावीकडचा तो क्लच."

घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"हा का?"

"हा."

"आणि मग?"

"मग सांगते. घाई काय आहे?"

घड्याळजींनी किल्ली फिरवली. इंजिन इतकं हलकं चालत होतं की ऐकण्यासाठी कान द्यावा लागत होता. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला, तो बारीक कंप पायाखाली येऊ दिला, आणि पाय जरा लवकर सोडला. गाडीने एक उसळी घेतली आणि बंद पडली.

"परत," लेक म्हणाली.